ज्ञानूमामांची डॉज आणि माझे दिवे

ज्ञानूमामा पोवार पहिल्यांदा दिव्यांची तक्रार घेऊन आले तेव्हा मी त्यांचे दिवे फडक्यानं पुसून दिले. पैसे घेतले नाहीत. फडकं मारण्याचे कसले पैसे घ्यायचे?

ही गोष्ट त्र्याहत्तर सालची. मंगळवार पेठेत शाळेच्या लांब भिंतीसमोर माझं दुकान होतं, 'अंबादास ऑटो इलेक्ट्रिक'. मॅट्रिक झाल्यावर मी कचेरीत चिकटावं अशी वडिलांची इच्छा होती, मी मोटारींच्या वायरींना चिकटलो. धंद्यात माझं एक मत ठाम होतं. बिघाड असलाच तर तो वायरीत असतो, आणि वायरीत नसेल तर मालकाच्या डोक्यात असतो. हे मत मी गिऱ्हाईकांना तोंडावर सांगत असे. त्यामुळे दुकानात गर्दी कधी फार झाली नाही.

ज्ञानूमामा उचगावचे. लढाईत ब्रह्मदेशात मिलिटरीच्या गाड्या चालवलेल्या. सुटून आल्यावर खडकीच्या लिलावात त्यांनी एक डिस्पोजलची, म्हणजे मिलिटरीनं काढून टाकलेली, डॉज घेतली. चारी चाकं ओढणारी, नाक बसकं, अंगानं रेड्यासारखी. गाडी अमेरिकेची, म्हणून स्टिअरिंग डाव्या हाताला. ती घेऊन ते रोज दुपारी पन्हाळ्याच्या पलीकडच्या पाच वाड्यांवर जात, घाटातून कच्च्या रस्त्यानं संध्याकाळच्या धारेचं दूध गोळा करत आणि रात्री आठच्या आत कोल्हापुरात दूध संघात पोचवत. आठनंतर संघ दूध घेत नसे. त्या वाटेला दुसरी गाडी टिकत नव्हती, त्यामुळे मामा गेले नाहीत तर पाच वाड्यांचं दूध घरातच नासायचं. पंचवीस वर्षांत मामांना एकदाही उशीर झाला नव्हता, आणि हे ते समोरच्यानं विचारायच्या आत सांगत.

अलीकडे त्यांच्याबरोबर चिमणाबाई मामीही गाडीत असत. डाव्या बाजूच्या स्टिअरिंगला समोरून येणारी गाडी लवकर दिसत नाही, म्हणून उजव्या बाजूला कुणीतरी बघणारं लागतं, असं मामांनी सांगितलं. मला पटलं. पूर्वी वीसेक वर्षं ते एकटेच जात होते, हे मात्र मला सुचलं नाही. मामी पदर खोचून उजव्या सीटवर बसत आणि वाटेवरचं सांगत जात. त्यांचं डावं-उजवं नव्हतंच. "तुमच्या अंगाला खड्डा," "माझ्या अंगाला म्हैस." एवढंच. आवाज शेजारणीला निरोप सांगावा तसा.

पुसून दिलेले दिवे चार दिवस टिकले.

"अंबादास," मामा म्हणाले, "तुझ्या दिव्यात काय राम न्हाय. काजवं बरं."

दिवे माझे नव्हते, अमेरिकेचे होते. पण मी ऐकून घेतलं. सहा व्होल्टची बॅटरी आणि तीस वर्षांच्या जुन्या वायरी, दिवे मंद असणारच. मी जाड वायर बॅटरीपासून थेट दिव्यापर्यंत नेली, मध्ये रिले टाकला, म्हणजे दिव्यांना वीज सोडणारी डबी. काचेच्या वरच्या अर्ध्या भागाला कायद्याप्रमाणे काळा रंग होता, तो थोडा खरवडला. उजेड दुप्पट झाला. मी स्वतः रंकाळ्यापर्यंत जाऊन बघून आलो.

पंधरा दिवसांनी मामा पुन्हा हजर. "जाळ वाढलाय, वाट दिसंना."

मग मी सहाचे बारा व्होल्ट केले. डायनॅमो बदलला, बॅटरी बदलली, बल्ब बदलले, वायपरची मोटर जळाली तीही बदलली. मामांनी चकार शब्द न काढता सगळं करू दिलं आणि महिन्याभरानं येऊन सांगितलं की फरक शून्य. मग सीलबंद दिवे आणले. ते लावून बघताना शाळेच्या भिंतीवरची दहा वर्षांपूर्वीची निवडणुकीची जाहिरात मला चुन्याखालून वाचता आली. मामा म्हणाले, "समोरनं गाडी आली की डोळ्याफुडं दूध सांडल्यागत पांढरं हुतंय."

आता शहाण्या माणसानं या वाक्यावर थांबायला हवं होतं. मी दिव्याच्या काचेत धूळ गेली आहे का ते बघितलं. मग पिवळे बल्ब लावून बघितले. मग बंपरवर आणखी दोन दिवे बसवले, म्हणजे चार झाले. रात्री डॉज पेठेतून निघाली की लोक पोरं उचलून दारात उभे राहायचे, कुणाची वरात आली बघायला. मामांना मात्र काजवेच. मी घरी जेवताना सुद्धा डायनॅमोला शिव्या देऊ लागलो. आई म्हणाली, तो कोण आहे त्याला एकदा घरी बोलाव आणि सोक्षमोक्ष लाव.

दिव्यांनी भागेना तेव्हा मामा टायरांवर घसरले. गाडी खड्ड्यात जास्त आपटते, स्टिअरिंग हाताला झटका देतं, म्हणजे टायर बारीक आहेत, असा त्यांचा निष्कर्ष. गाडी आली तेव्हा तिला नऊ-सोळाचे टायर होते. नऊ इंच रुंद, सोळा इंचाच्या रिंगवर बसणारे. ते झिजल्यावर बाजारात मिळेनात, म्हणून मामा गेली दहा वर्षं साडेसात-सोळा वापरत होते आणि त्यांची कधी तक्रार नव्हती. आता त्यांना नऊच हवे होते.

टायरवाला गुंडू. त्याचं रिट्रेडिंगचं दुकान उचगावच्या फाट्यावर. गुंडू घरचा शेतकरी, टायर हा त्याचा जोडधंदा आणि सल्ला हा मुख्य. त्याला बेळगावच्या मिलिटरी मालात नऊ-सोळाचे दोनच टायर मिळाले.

"दोन तर दोन," गुंडू म्हणाला. "मागं मोठी, फुडं बारकी. ट्रॅक्टर बघा की! ओढायचं काम मागल्या चाकाचं."

मी सांगितलं, ट्रॅक्टरचं पुढचं चाक नुसतं फिरतं, या गाडीचं पुढचं चाकही ओढतं. पुढच्या-मागच्या चाकांचे दांडे एकाच गिअरच्या पेटीत जोडलेले. मागचं चाक एका फेऱ्यात जास्त जमीन कापणार, पुढचं कमी. पुढचं-मागचं एकमेकाशी भांडणार आणि पेटी मधल्या मध्ये मरणार. मामा आणि गुंडू दोघंही माझ्याकडे बघून हसले. गावात वायरमनचं गिअरबद्दलचं मत आणि जावयाचं शेतीबद्दलचं मत, दोन्हींची किंमत सारखीच.

मोठे टायर मागे चढले. डॉजची शेपूट वर झाली, नाक खाली गेलं आणि माझे चारी दिवे रस्ता सोडून जमिनीकडे बघू लागले. गाडीपुढची चार हात माती मात्र लख्ख दिसत होती. त्यात मामांना पुढची चाकं जोडूनच चालवायची सवय. चार चाकं दिली आहेत तर दोघांनीच का ओढायचं, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या सकाळी रिकामी गाडी फिरवून बघताना रंकाळ्याजवळ जळक्या तेलाचा वास सुटला आणि गाडी जागच्या जागी आवळली. पुढं जाईना. मागं मात्र जात होती, कारण उलटं गेलं की पेटीतला पीळ सुटतो. मामांनी उरलेली वाट गाडी उलटी चालवली. भर मंगळवार पेठेतून डॉज पार्श्वभागानं आली आणि माझ्या दुकानापुढं थांबली. मामी पाठीमागं तोंड करून सीटवर गुडघ्यांवर उभ्या होत्या आणि सांगत होत्या, "तुमच्या अंगाला टांगा."

पुढे गुंडूनं कुठून तरी आणखी दोन नऊ-सोळा पैदा केले आणि गाडी चारी पायांवर सारखी झाली. खड्डे तेवढेच राहिले. मामा म्हणाले, रस्ताच बिघडलाय.

आता नवीन उंचीला दिवे पुन्हा लावून द्यायचे होते. माझी पद्धत अशी. गाडी सपाट जागेवर भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी करायची. रोज जेवढं ओझं असतं तेवढं आत घालायचं, म्हणून मी दुधाच्या कॅनमध्ये पाणी भरून मागं ठेवायला लावत असे. ड्रायव्हर आपल्या जागेवर, शेजारचा आपल्या जागेवर. भिंतीवर खडूनं आडवी रेघ मारायची. मी दिव्याचा स्क्रू फिरवतो, ड्रायव्हरनं उजेडाची कड रेघेवर आली की 'बास' म्हणायचं. रात्री मामा संघात दूध टाकून आले, तेव्हा मी हे सुरू केलं. दोन दिवे झाले. मामांनी वेळेवर 'बास' म्हटलं.

तिसऱ्या दिव्याला मी बॉनेटआड वाकलो होतो, त्यामुळे सीटवरून मी दिसत नव्हतो. "मामा, रेघ दिसते का?" मी विचारलं.

मग उजव्या सीटवरून हलक्या आवाजात आलं, "दिसती म्हणा."

"दिसती!" मामा गरजले.

स्क्रू फिरवला. पुन्हा तो हलका आवाज, "आली. बास म्हणा."

"बास!"

मी स्क्रूड्रायव्हर हातात धरून तसाच वाकलेला राहिलो. मला राग आला, हे आधी सांगतो. दीड वर्ष या माणसानं माझ्या दिव्यांना काजवे म्हटलं होतं. बॉनेटवरून डोकं काढून आता चारचौघांत सुनवावं, असं मी उठलो, तर मामी माझ्याकडे बघत होत्या. मी ऐकलंय हे त्यांना कळलं होतं. त्यांनी काही खूण केली नाही, हात जोडले नाहीत. नुसतं बघितलं. मी चौथा दिवा लावून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एकट्या दुकानात आल्या. स्टुलावर बसल्या नाहीत.

"डोळं गेल्यात त्यांचं," त्या म्हणाल्या. "मला दोन वर्सं ठावं हाय. त्यास्नी बी ठावं हाय. आमी दोघं त्यावर बोलत न्हाय."

"मामी, रस्त्यावर माणसं असतात," मी आवाज चढवला. "उद्या एखाद्याच्या अंगावर गाडी गेली म्हणजे?"

"म्हणून तर मी बसती."

"मिरजेच्या दवाखान्यात न्या. मोतीबिंदू असेल, काढतात."

"त्यांच्या आईच्या डोळ्यात वैदूनं सुई घातलीती. म्हातारी आठ दिवस वरडली आन् कायमची आंधळी झाली. हे तवा धा वर्साचं. डोळ्याला कुणी हात लावला तर जीव देईन म्हणत्यात." मग त्या म्हणाल्या, "ह्याच्यापरास मोठा दिवा न्हाय व्हय येत?"

"असा दिवा बाजारात नाही, मामी."

त्यांनी मान हलवली. हे त्यांना माहीतच होतं, फक्त एकदा विचारून बघायचं होतं.

"मग गाडी बंद पाडा," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं तर माणूस बसंल तिथनं उठायचा न्हाय. गाडीनं सांगितलं तर ऐकंल."

चांगल्या चालत्या गाडीत मी आयुष्यात एकदाच बिघाड केला, तो त्या दुपारी. रिले काढून खिशात घातला. चारी दिवे गेले, आणि गाडी त्या दिवशी माझ्या दुकानापुढंच राहिली. गुंडूला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदाच सल्ला न देता गप्प बसला. मग रात्रीतून त्यानं डॉजची चारी चाकं काढून गाडी दगडांवर ठेवली आणि मामांना सांगितलं की टायरांत दोष निघालाय, मद्रासच्या कारखान्याला परत पाठवलेत. संघानं वाड्यांवर दोन महिन्यांपुरता एक ट्रॅक्टर लावून दिला. तो रोज उशिरा यायचा आणि निम्मं दूध नासून यायचं. दोन महिन्यांत डॉज उभी राहिली नाही तर संघ ती वाट बंद करणार होता.

मामा रोज सकाळी चालत माझ्या दुकानात येऊन बसू लागले. चालत म्हणजे भिंतीच्या कडेकडेनं. पहिला आठवडा त्यांनी मद्रासला शिव्या दिल्या, दुसरा मला. तिसऱ्या आठवड्यात ते बोलेनासे झाले. ब्रह्मदेशात दिवे विझवून गाड्या हाकलेला माणूस माझ्या स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसलेला बघून मला वाईट वाटत होतं, आणि मला वाईट वाटतंय याचाही राग येत होता.

एके दिवशी समोर बघत त्यांनी विचारलं, "टायर कवा येनार रं?"

"तुम्ही मिरजेहून आलात की."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "हिनं सांगितलं?"

"मामी काही बोलल्या नाहीत. समोरच्या भिंतीवर काय लिहिलंय वाचा, मी आत्ता चाकं चढवतो."

मामा भिंतीकडे बघत राहिले. त्यांचा हात मोठा होता आणि मी हाताच्या टप्प्यात होतो, म्हणून मी पान्हा उचलायच्या निमित्तानं जरा सरकलो.

"भित हाय," ते शेवटी म्हणाले, "एवढं कळतंय."

ते उठले आणि कडेकडेनं निघून गेले. चौथ्या दिवशी मामी त्यांना मिरजेच्या गाडीत घेऊन बसल्या. त्या गाडीत जयसिंगपूरपर्यंत मामांनी परत फिरण्यासाठी काय काय सांगितलं ते मामींनी मला पुढे कधीतरी ऐकवलं; लिहिण्यासारखं नाही. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला. आठ दिवस त्याला पट्टी आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. महिन्यानं बाटलीच्या बुडासारखा चष्मा. डॉक्टर म्हणाले, एका डोळ्यानं गाडी चालवता येईल, पण दमानं. मामांनी 'चालवता येईल' एवढंच ऐकलं.

चष्मा लावून ते दुकानात आले, डॉजभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "हे काय? चार दिवं कुणी लावलं? तमाशाचा फड हाय व्हय?"

मी दोन काढून टाकले. माझ्या हातचं सगळ्यात चांगलं काम होतं ते.

पहिल्या फेरीला त्यांनी मामींना घरीच ठेवलं. "आता तुझी गरज न्हाय," असं तोंडावर सांगितलं. मामी 'बरं' म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या. दिवे तपासायला म्हणून मी उजव्या सीटवर बसलो. एप्रिलचे दिवस, दुपारचे चार वाजले होते, ऊन लख्ख. पन्हाळ्याच्या पुढे डांबर संपेपर्यंत मामा मजेत होते. पाट्या वाचत होते, मोठ्यानं. घाट लागला आणि तिसऱ्या वळणावर त्यांनी एकदम ब्रेक मारला, हातब्रेक ओढला आणि खाली उतरून गाडीपुढं, माझ्या बाजूच्या दिव्यापाशी येऊन उभे राहिले.

मीही बाहेर बघितलं. माझ्या चाकाखालून रस्ता संपत होता. खाली झाडांचे शेंडे दिसत होते, आणि तेही लांब.

"मी बघितलंतं तवा हितं दोन गाड्या बसत हुत्या," मामा म्हणाले.

गेल्या दोन पावसाळ्यांनी कड खाल्ली होती. मी डाव्या सीटवरून उतरलो. उजवीकडून उतरायला जागाच नव्हती. मोजायची मला सवय आहे, म्हणून मी वाकून मोजलं. उजव्या चाकापासून कडेपर्यंत एक वीत आणि चार बोटं.

"हितं रोज मी हिला इचारायचो," मामा दरीकडे बघत म्हणाले, "तुझ्या अंगाला जागा हाय का गं? तर म्हणायची, लई हाय, बिनघोर चला." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा खाली बघितलं. "जाताना लख्ख उजेड असतुया, अंबादास. तिला समदं दिसत हुतं."

त्या वीतभर जागेच्या वर, त्याच सीटवर ती बाई दोन वर्षं रोज बसली होती, आणि मी दुकानात डायनॅमोला शिव्या देत होतो. मला स्वतःची लाज वाटली.

मामा पुन्हा स्टिअरिंगवर बसले. पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालतो त्या वेगानं आम्ही तो घाट चढलो. उतरताना तर मी पुढे चालत होतो आणि ते मागून येत होते. दिवे उत्तम लागले होते. कुणी चौकशी केली नाही. दूध सव्वानऊला संघात पोचलं आणि संघानं ते परत केलं. पंचवीस वर्षांतला पहिला उशीर.

उचगावला घराशी गाडी लागली तेव्हा मामी दारात उभ्या होत्या. परत आलेले कॅन बघून त्यांनी विचारलं, "का वो, दिसत न्हवतं?"

"दिसत हुतं," मामा म्हणाले. ते गाडीतून उतरेनात. स्टिअरिंग धरूनच बसले. मग म्हणाले, "उद्यापास्नं वाड्यास्नी सांगतो, दूध घाटाखाली आणा. मी त्या वाटंनं जात न्हाय. मला भ्या वाटतंय."

मामींनी मागं जाऊन एक कॅन खाली ओढला, त्याचं झाकण काढून वास घेतला आणि तो उकिरड्याच्या बाजूला सरकवला.

"मला दोन वर्सं वाटत हुतं," त्या म्हणाल्या. "बसलेच न्हवं मी? उतरा, जेवून घ्या."